अंतराचा इतिहास : महामारी, कर्करोग आणि न आलेला रोगी

१

मार्च २०२० मध्ये एक शब्द सरकारी फर्मानांतून, दूरदर्शनच्या पडद्यावरून आणि पोलिसांच्या भोंग्यांतून घराघरांत पोहोचला. तो शब्द म्हणजे ‘सामाजिक अंतर’. अनेकांना तो वैद्यकशास्त्राचा नवा शब्द वाटला असेल. आपल्याला तो नवा नव्हता. गावकुसाबाहेरचे घर, वेगळा पाणवठा, ओंजळीत वरून ओतलेले पाणी, सावलीचा विटाळ हे सारे सामाजिक अंतरच होते आणि ते पाळण्यासाठी या समाजाला कधी साथीची गरज भासली नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २० मार्च २०२० रोजी ‘शारीरिक अंतर’ हा शब्द वापरावा असे सुचविले. माणसांनी शरीराने दूर राहायचे आहे, एकमेकांपासून तुटायचे नाही, असा त्यामागचा विचार होता. आपल्याकडे मात्र जुनाच शब्द चालू राहिला. तो इथल्या जिभेवर सहज बसणारा होता.

साथीच्या काळात माणसांनी अंतर राखणे आवश्यक होते, याबद्दल वाद असण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. हे अंतर राखण्याची किंमत कोणी मोजली? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी कर्करोग्यांचा बाह्यरुग्ण विभाग निवडला आहे. त्याला कारण आहे. कर्करोगाचा रोगी अशा कात्रीत सापडलेला होता की त्याने रुग्णालयात जाणे धोक्याचे होते आणि न जाणेही धोक्याचे होते. औषधांनी त्याची प्रतिकारशक्ती खचलेली. कोरोनाची बाधा झाली तर ती त्याला इतरांपेक्षा महाग पडणार. पण घरी बसावे तर गाठ वाढायची थांबत नाही. टाळेबंदी माणसांना लागू होती, पेशींना नव्हती.

२

साथ, सत्ता आणि अंतर यांचे नाते समजून घ्यायचे तर आधी १८९६ सालाकडे वळावे लागते. त्या वर्षी सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आल्याचे निदान मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगास यांनी केले. पाठोपाठ ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. घराची झडती घ्यावी, रेल्वेने येणाऱ्याजाणाऱ्यांची तपासणी करावी, संशयिताला उचलून वेगळे ठेवावे, हे सारे अधिकार त्याने सरकारला दिले. रोग्यावर उपचार करण्याचे बंधन मात्र त्याने कोणावरही घातले नाही. रोग्याला समाजापासून दूर कसे न्यावे हे कायद्याला ठाऊक होते. रोग्याजवळ उपचार कसा न्यावा हे त्याच्या विचारातच नव्हते. हाच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू करण्यात आला. मधल्या सव्वाशे वर्षांत वैद्यक कुठल्या कुठे गेले, पण सत्तेच्या हाती साथीचे पहिले हत्यार तेच राहिले.

त्याच १८९७ सालातली दुसरी एक नोंद आपल्या चळवळीच्या स्मरणात आहे. हडपसरजवळ सासाणे यांच्या माळावर, वस्तीपासून दूर, डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाडांच्या घरचा मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळताच सावित्रीबाई तिथे गेल्या आणि त्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

ही घटना आपण बहुधा त्यागाची कथा म्हणून सांगतो. ती आरोग्यव्यवस्थेच्या इतिहासातली नोंद म्हणूनही वाचली पाहिजे. दवाखाना होता, डॉक्टर होता, उपचार करण्याची इच्छा होती. तरीही महारवाडा आणि दवाखाना यांच्यामध्ये जे अंतर होते ते ओलांडायला कसलीच सोय नव्हती. ते अंतर एका वृद्ध स्त्रीने स्वतःच्या पाठीवर वाहिले. रोगी आणि उपचार यांच्यामधले अंतर आपोआप मिटत नसते. ते कोणाला तरी वाहावे लागते. कोण वाहतो, यावर त्या व्यवस्थेचा न्याय ठरतो. २०२० च्या साथीकडे मी याच कसोटीने पाहणार आहे.

३

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला सुरू झाले. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने परदेशात वारल्या. तशा उपचारांची सोय आपल्या देशात व्हावी, या विचारातून दोराबजी टाटांच्या विश्वस्त निधीने ही संस्था उभारली. १९५७ साली ती केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे गेली. परळ म्हणजे गिरणगाव. इथल्याच पोयबावडीच्या चाळीत बाबासाहेबांचे संसाराचे दिवस गेले, इथल्याच दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय होते. कामगारांच्या आणि अस्पृश्यांच्या वस्तीला लागून उभे राहिलेले हे रुग्णालय पुढे सगळ्या देशाच्या गरीब कर्करोग्यांचे शेवटचे ठिकाण बनले. बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल, आसाम, मराठवाडा, विदर्भ अशा सर्व दिशांनी माणसे तिथे येत राहिली.

कर्करोगाचा उपचार कसा चालतो हे इथे सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. शस्त्रक्रियेचे दिवस सोडले तर या रोगाचा बहुतेक उपचार खाटेवर होत नाही. रसायनोपचाराची सलाईन सकाळी लावतात, संध्याकाळी काढतात आणि रोग्याला घरी पाठवतात. पुन्हा बहुधा एकवीस दिवसांनी यायचे. किरणोपचार तर रोज काही मिनिटांचा, पण आठवड्याचे पाच दिवस, आणि तोंडाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगात असे पाच-सात आठवडे. मधे रक्ततपासण्या, चित्रणे, अहवाल. म्हणून कर्करोगाचे खरे रुग्णालय म्हणजे त्याचा बाह्यरुग्ण विभाग.

‘बाह्यरुग्ण’ या शब्दात एक गृहीत दडलेले आहे. हा रोगी बाहेरून येतो आणि संध्याकाळी आपल्या घरी जातो, असे ते गृहीत. दादरच्या माणसाबाबत ते खरे आहे. मधुबनीहून किंवा परभणीहून आलेल्या शेतमजुराचे काय? तो संध्याकाळी कोणत्या घरी जाणार? ज्याला जमले त्याने भाड्याची खोली घेतली. काहींना धर्मशाळेत जागा मिळाली. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रोग्यांचा मोठा आधार आहे. उरलेले रुग्णालयाच्या भोवतालच्या पदपथावर आणि उड्डाणपुलाखाली राहिले. नाकात नळी, गळ्याला पट्टी, उशाला अहवालांची पिशवी आणि शेजारी रॉकेलचा किंवा गॅसचा छोटा स्टोव्ह, हे दृश्य परळच्या रहिवाशांना कित्येक वर्षे परिचयाचे आहे. रुग्णालयाच्या दप्तरी हा माणूस बाह्यरुग्ण असतो. प्रत्यक्षात तो रुग्णालयातही नसतो आणि घरीही नसतो. गावकुसाच्या आत नाही आणि रानातही नाही, अशी जी जागा आपल्या पूर्वजांच्या वाट्याला आली होती, तिचीच ही शहरी आवृत्ती आहे.

४

२२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून देशातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. त्यात मुंबईची लोकलही होती. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. या दोन दिवसांच्या आधी रेल्वेने बहुतेक प्रवासी सवलती रद्द केल्या होत्या, पण रोग्यांच्या सवलती राखल्या होत्या. कर्करोग्याला उपचारासाठी मिळणारी सवलत म्हणजे कागदावर शाबूत राहिली. फक्त जिच्यात बसायचे ती गाडी उरली नाही. आपल्याला मिळालेल्या अनेक हक्कांची हीच गत झाली आहे, म्हणून हा तपशील नोंदवून ठेवण्याजोगा वाटतो.

त्या आठवड्यांत जगातल्या अनेक रुग्णालयांनी ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. टाटा स्मारक रुग्णालयाने दरवाजे उघडे ठेवण्याचा निर्णय घेतला. संस्थेचे डॉ. सी. एस. प्रमेश आणि डॉ. राजेंद्र बडवे यांनी २८ एप्रिल २०२० रोजी एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकातून भारतातील कर्करोगाच्या उपचारांविषयीची आपली भूमिका जगापुढे मांडली. कोरोनाने होणारे मृत्यू डोळ्यांना दिसतात. उपचार हुकल्यामुळे होणारे कर्करोगाचे मृत्यू पुढे, विखुरलेले आणि मोजदादीबाहेर होतात. म्हणून उपचार बंद न करता त्यांची क्रमवारी लावावी, हा या मार्गाचा गाभा होता. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात तिथे ४९४ ठरलेल्या मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी सहा रोग्यांना नंतर कोरोनाची बाधा आढळली. शस्त्रक्रियेनंतर दगावला मात्र एकही नाही. भीतीच्या त्या दिवसांत ही गोष्ट लहान नव्हती, आणि तिचे श्रेय डॉक्टर, परिचारिका आणि कामगार या सर्वांना दिले पाहिजे.

बाह्यरुग्ण विभागाची घडी मात्र पार बदलावी लागली. दारातच ताप आणि खोकल्याची चौकशी सुरू झाली. रोग्याबरोबर येणाऱ्या नातलगांची संख्या आवळली गेली. बाकांवर एकाआड एक जागा मोकळी ठेवली गेली. उपचार पूर्ण होऊन नुसत्या तपासणीला येणाऱ्यांना कळविले गेले की येऊ नका, दूरध्वनीवर बोला. ज्यांचा उपचार थोडा थांबला तरी चालेल त्यांना थांबविले, ज्यांचा थांबणे शक्य नाही त्यांना बोलाविले.

उपचारांतही बदल झाले. जिथे सलाईनऐवजी गोळी चालू शकते तिथे गोळी आली. जिथे किरणोपचाराच्या खेपा कमी करता येतात तिथे त्या कमी झाल्या. स्तनाच्या कर्करोगात पूर्वी पाच आठवडे चालणारा किरणोपचार आधीच तीन आठवड्यांवर आला होता. एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीने दाखवून दिले की निवडक रोग्यांत तो एका आठवड्यात, पाच खेपांत पुरा होऊ शकतो. हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनेसाठी तर किरणांची एकच खेप पुष्कळदा पुरेशी ठरते.

५

या बदलांकडे नीट पाहिले तर एक अस्वस्थ करणारी गोष्ट लक्षात येते. यांतले बरेच बदल साथीच्या आधीही शक्य होते. ‘सगळे ठीक आहे, सहा महिन्यांनी या’ एवढे एक वाक्य ऐकण्यासाठी शेतमजूर दोन दिवसांचा प्रवास करीत होता, सोबत्याची मजुरी बुडवीत होता, कर्ज काढीत होता. ते वाक्य दूरध्वनीवर सांगता येत होते. पण तसे सांगण्याची पद्धत व्यवस्थेत नव्हती. रोग्याच्या गैरसोयीमुळे ती आली नाही. धोका रुग्णालयाच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा ती काही आठवड्यांत आली. गरिबाचा वेळ या देशात फुकटचा मानला जातो, त्याचा याहून स्पष्ट पुरावा शोधायची गरज नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की काही डॉक्टरांनी हा विचार साथीच्या कितीतरी आधी केला होता. डोके आणि मान यांच्या पसरलेल्या कर्करोगासाठी, म्हणजे तंबाखूने पोखरलेल्या आपल्या मजुरांच्या तोंडाच्या रोगासाठी, टाटा रुग्णालयात मे २०१६ ते जानेवारी २०२० या काळात ४२२ रोग्यांवर एक चाचणी झाली. एका गटाला सलाईनमधून सिस्प्लॅटिन, दुसऱ्याला मेथोट्रेक्झेट आणि सेलेकॉक्सिब या जुन्या, स्वस्त गोळ्या. गोळ्यांच्या गटाचे सरासरी आयुष्य साडेसात महिने भरले, सलाईनच्या गटाचे सहा महिन्यांच्या थोडे वर. आणि गंभीर त्रासही गोळ्यांनी कमी झाला. निष्कर्ष २०२० च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाले. ज्या रोग्याला महागडे औषध परवडत नाही आणि वारंवार येणेही जमत नाही, त्याचा विचार करून काढलेली ही वाट साथीच्या काळात साऱ्यांच्याच उपयोगी पडणारी ठरली.

त्याआधीचे दुसरे उदाहरण मुंबईच्या झोपडपट्ट्यांतले आहे. १९९८ पासून तिथे सुमारे दीड लाख स्त्रियांचा सहभाग असलेली चाचणी चालली. बेताचे शिक्षण झालेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी वस्तीत जाऊन, पातळ केलेल्या ॲसेटिक ॲसिडच्या, म्हणजे शिरक्यातल्या आम्लाच्या, साध्या चाचणीने गर्भाशयमुखाची तपासणी केली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उपचाराने वस्तीकडे चालत जाणे अशक्य नाही, हे इथे सिद्ध झाले होते. जिथे गरिबाला मध्यभागी ठेवून विज्ञान केले गेले तिथे ते साथीतही टिकण्याजोगे निघाले, हा या दोन्ही उदाहरणांचा धडा आहे.

६

पण दूरध्वनीचा बाह्यरुग्ण विभाग सर्वांसाठी सारखा उघडा नव्हता. तो उघडण्यासाठी रोग्याजवळ काही गोष्टी असाव्या लागतात : स्वतःचा दूरध्वनी, त्यात पैसे, अहवालाचे छायाचित्र पाठविण्याइतकी समज, डॉक्टरची भाषा आणि ज्याच्याकडे रक्त तपासून घेता येईल असा जवळचा दवाखाना. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्क्यांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाइल होता. म्हणजे जवळपास निम्म्या स्त्रियांना आपल्या स्तनातल्या गाठीविषयी किंवा अंगावरून जाणाऱ्या रक्ताविषयी बोलायचे तर नवऱ्याचा, मुलाचा किंवा शेजाऱ्याचा दूरध्वनी मागून बोलावे लागणार. जी गोष्ट पडद्याआड डॉक्टरीणबाईंना सांगतानाही जीभ अडखळते, ती दहा बाय दहाच्या खोलीत सगळ्या कुटुंबासमोर कोण सांगणार?

आणि वेदनेचे काय? २५ मार्च २०२० रोजी केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. डॉक्टरने दूरध्वनीवरून औषध लिहून देण्याला त्यांनी निश्चित चौकट दिली. ते आवश्यकच होते. परंतु अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधे निषिद्ध यादीत टाकली गेली. मॉर्फिन त्यांत आले. शेवटच्या अवस्थेतल्या कर्करोग्याला मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी लागते. ती महाग नाही. पण १९८५ च्या कायद्याने तिच्याभोवती परवान्यांचे असे कुंपण घातले की देशातल्या बहुतेक जिल्ह्यांत ती मिळेनाशी झाली. २०१४ साली संसदेने त्या कायद्यात दुरुस्ती करून वाट थोडी मोकळी केली, तरी गोळी राहिली ती मोठ्या शहरांतल्या मोजक्या संस्थांत. आता गाडी बंद, रस्ता बंद आणि दूरध्वनीवरून मॉर्फिन लिहिता येत नाही. गोळीचा दुरुपयोग होऊ नये ही काळजी समजण्यासारखी आहे. पण त्या काळजीची किंमत गावातल्या खाटेवर रात्रभर विव्हळणाऱ्या माणसाने मोजली. आपल्या समाजात वेदना सहन करणे हे काहींचे जन्मजात काम मानले गेले आहे. म्हणून अशा वेदनेची बातमी होत नाही.

७

बाह्यरुग्ण विभाग चालू राहिला तो आणखी एका वर्गाच्या बळावर, ज्याचे नाव कोणत्याही शोधनिबंधावर नसते. रसायनोपचाराच्या खोलीतल्या ओकाऱ्या, रक्ताळलेला कापूस, सलाईनच्या नळ्या, आणि साथीच्या काळात त्यांत भर पडलेले मुखपट्ट्या व संरक्षक पोशाखांचे ढीग कोणीतरी उचलीत होते. मार्च २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने आदेश काढला की कोरोनाचा कचरा दुहेरी पिवळ्या पिशवीत बांधावा. पिशवीचा रंग आणि पदर आदेशाने ठरले. ती उचलणाऱ्या हाताची जात आदेशाने ठरलेली नव्हती. ती फार आधी ठरली होती. मुंबईसारख्या शहरात सफाईचे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या वस्त्या करीत आल्या आहेत हे वाचकांना सांगायला नको.

लोकल बंद असताना हे कामगार दूरच्या उपनगरांतून मिळेल त्या बसने कामावर येत होते. १५ जून २०२० पासून अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी लोकल सुरू झाली. कर्करोग्यांना लोकलने प्रवास करण्याची परवानगी मिळायला सप्टेंबर उजाडला. जवळपास सहा महिने डोंबिवलीच्या किंवा नालासोपाऱ्याच्या रोग्यासाठी परळ हे परगावच होते. ज्याच्याजवळ टॅक्सीचे पैसे होते त्याला ते तासाभराच्या वाटेवर होते. अंतर किलोमीटरांत मोजतात हा आपला गैरसमज आहे. ते खिशातल्या पैशांत मोजले जाते.

८

आता आकड्यांकडे येऊ. राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातल्या ४१ केंद्रांचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. मार्च ते मे २०१९ आणि मार्च ते मे २०२० या दोन काळांची त्यात तुलना आहे. नव्या रोग्यांची नोंदणी १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली, म्हणजे ५४ टक्क्यांची घट. फेरतपासणीच्या भेटी ६,३४,७४५ वरून ३,४०,९८४ वर आल्या, घट ४६ टक्के. बाह्यरुग्ण विभागातला रसायनोपचार ३७ टक्क्यांनी, किरणोपचार २३ टक्क्यांनी, वेदनाशामक सेवेकडे पाठविलेल्यांची संख्या २९ टक्क्यांनी घटली. सत्तर टक्क्यांहून अधिक केंद्रांत कर्करोग शोधण्यासाठीची तपासणी पूर्ण बंद पडली किंवा पाव क्षमतेच्याही खाली गेली. मोठ्या शहरांतल्या केंद्रांना फटका अधिक बसला.

या आकड्यांचा अर्थ काय? ज्याचा उपचार आधीच सुरू झाला होता त्याला धरून ठेवण्याचा प्रयत्न बऱ्याच अंशी झाला. किरणोपचारातली घट सर्वांत कमी आहे ती त्यामुळेच. सर्वांत मोठी घट आहे ती नव्या नोंदणीत. तीन महिन्यांत, फक्त ४१ केंद्रांत, साठ हजारांहून अधिक माणसे दारापर्यंत आलीच नाहीत. त्या तीन महिन्यांत देशात कर्करोग निम्म्यावर आला नव्हता. काही माणसे पुढे आली असतील, गाठ वाढल्यावर आली असतील. काही कधीच आली नसतील.

कोण होती ही माणसे? इथे इतिहासकाराची अडचण सुरू होते. संस्थांच्या एकूण बेरजांवरून केलेल्या अभ्यासात जात दिसत नाही, उत्पन्न दिसत नाही, गाव दिसत नाही. मुळात रुग्णालयाच्या नोंदवहीचा स्वभावच असा की ती आलेल्याची नोंद करते. न आलेल्याची नोंदवही नसते. आपल्या समाजाचा सगळा इतिहास असाच न आलेल्यांचा इतिहास आहे : शाळेच्या पटावर न आलेले, देवळाच्या दप्तरात न आलेले, जमिनीच्या सातबाऱ्यावर न आलेले. २०१९ आणि २०२० या दोन आकड्यांच्या वजाबाकीत जो उरतो तो माणूस याच वंशातला आहे. त्याला नाव नाही, वजाबाकी आहे.

९

ही वजाबाकी अटळ होती असे म्हणणारे भेटतील. त्यांनी केरळकडे पाहावे. तिरुअनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने टाळेबंदीत राज्य सरकारच्या साह्याने जिल्हा रुग्णालयांतून रसायनोपचार आणि फेरतपासणीची व्यवस्था केली. रोग्याने राजधानीपर्यंत येण्याऐवजी त्याची उपचारपद्धती त्याच्या जिल्ह्याच्या डॉक्टरकडे पाठविली गेली. औषधे पोहोचविण्याच्या कामी अग्निशमन दलाचे जवान लागले. हे एका रात्रीत घडले नाही. १९९३ साली कोळिकोडला सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेच्या चळवळीने घरोघर जाणाऱ्या परिचारिकांचे आणि स्वयंसेवकांचे जाळे विणले होते. २००८ साली राज्याने ते आपले धोरण म्हणून स्वीकारले. साथ आली तेव्हा जिल्ह्यात ओझे घ्यायला माणसे उभी होती. केरळातही उणिवा आहेत, तिथेही दलित-आदिवासी वस्त्या मागेच आहेत. पण रोगी आणि उपचार यांच्यामधले अंतर सरकारने आपल्या अंगावर घ्यायचे असते, एवढे तत्त्व तिथे मान्य झाले होते.

महाराष्ट्राने मे २०२० मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची आरोग्य योजना राज्यातल्या सर्वांना खुली केली. त्याचे स्वागतच आहे. परंतु अशी योजना ठरावीक उपचारांचे बिल चुकते करते. एकवीस दिवसांच्या दोन खेपांच्या मध्ये राहायचे कुठे, सोबतीला आलेल्या भावाची बुडालेली मजुरी कोण देणार, हे प्रश्न तिच्या चौकटीबाहेर राहतात. आणि कर्करोगात कुटुंबे मोडतात ती पुष्कळदा याच चौकटीबाहेरच्या खर्चाने.

१ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसभराच्या उपचारांची केंद्रे उघडण्याची घोषणा केली. त्यांपैकी २०० केंद्रे २०२५-२६ या वर्षात व्हावीत असे ठरले. साथीने जे शिकविले ते अखेर कागदावर उतरले, असे म्हणता येईल. पण केवळ इमारतीवर पाटी लागल्याने अंतर मिटत नाही. त्या केंद्रात रसायनोपचार देणारी प्रशिक्षित परिचारिका हवी, मॉर्फिनचा साठा हवा, मोठ्या रुग्णालयाशी रोजचा संपर्क हवा, दूरध्वनी नसलेल्या बाईच्या घरी जाणारी आरोग्यसेविका हवी आणि सफाई करणारा कामगार कायम पगारावर हवा. यांतले काही नसेल तर जिल्ह्याच्या दारात फक्त नवा पदपथ तयार होईल.

आणखी एक मागणी आपण आग्रहाने केली पाहिजे. न आलेल्यांची नोंद ठेवा. ज्याची तारीख ठरली होती आणि जो आला नाही त्याचे गाव, त्याचा व्यवसाय, त्याची जात आणि न येण्याचे कारण लिहून ठेवा, आणि त्याच्याकडे माणूस पाठवा. जातीची नोंद कशाला, असे विचारले जाईल. उत्तर साधे आहे. जिथे अंतर जातीने निर्माण केले आहे तिथे ते मोजायला जातच लागते. जे मोजले जात नाही ते मिटविण्याची जबाबदारीही कोणावर येत नाही.

१८९७ साली मुंढव्याच्या महारवाड्यातला मुलगा दवाखान्यापर्यंत पोहोचला, कारण एका बाईने त्याला उचलले. २०२० साली कितीजण पोहोचले नाहीत याचा हिशेब आपल्यापुढे आहे. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही; ती येईल हे सारेच सांगतात. त्या वेळी रोग्याला उचलायला एखादी सावित्री शोधावी लागू नये, ते काम शासनाच्या नेहमीच्या यंत्रणेचे असावे, एवढी साधी गोष्ट घडवून आणणे हे आजच्या आरोग्याच्या चळवळीचे काम आहे आणि ते साथ नसताना करायचे काम आहे.